कडू आंबील

माया पाय सडला होता. लोकं इन्फेक्शन म्हनतात, आयकाले चांगलं लागते म्हनून. मी सडलाच म्हनते. उजव्या गुडघ्याच्या बाजूले, टाक्यायच्या रेषेखाली एक भोक पडलं होतं, ज्वारीच्या दान्याएवढं, अन् त्यातून दिवसभर पू गळे. पिवळा, कवा हिरवट. अन् त्याचा वास! घरामांगच्या सांदवाडीत घूस मरून पडली अन् वरून पावसाची झड लागली की येते ना, तसा. त्यात मंग एक गोडसर झाक. त्या गोडसर वासानंच मले जास्त उमासे येत.

अन् हे व्हावं कोनाले? मले, रुखमाले! पोट्ट्यायची नखं पाहून त्याईले ताटावर बसू देनारी बाई मी. माया बुढा, म्हनजे नवरा, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन अंगनात थुकला की मी तांब्याभर पानी ओतून वरून शिव्या घालत होती. लोकायच्या घरचा कप नाकाजवळ नेऊन पाह्याची सवय मले. अन् आता मायाच चादरीले नाक लावाची सोय नाई. सकाळी पट्टी सोडली की चिकटलेली कापसाची बोंडं सुटता सुटत नसत, अन् सुटली की आतून भळकन येई. शी! आता सांगतानाही तोंडाले पानी सुटून राह्यलं, वकारीचं.

हे झालं कशानं ते आयका. धानाच्या बांधीत रोवना करू करू माया गुडघा पार झिजला होता, हाडावर हाड घासे. नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं अन् लोखंडाचा नवा गुडघा बसवला. मस्त बसला. चामोर्शीच्या बाजारात मी आपल्या पायानं जाऊन वांगे अन् सांबाराची जुडी घेऊन आली. मंग हिवाळा आला. थंडीत गुडघा ठनकाले लागला. आता आमच्या इथी ठनक म्हनलं की बिबा. जंगलात बिब्याची काय कमी? सुईले बिबा टोचाचा, दिव्यावर धराचा, काळं तेल सुटलं की ठनकत्या जागी ठिपके द्याचे. माया बुढा, श्रीहरी, दर हिवाळ्यात टाचेच्या भेगाईत तेच भरते. आमच्या मायनं लावलं, सासूनं लावलं. मीबी पाय लांब करून बसली अन् म्हनलं, लावा.

पन सासूचा गुडघा हाडाचा होता. लोखंडाच्या गुडघ्याले बिबा चालते का नाई, हे सांगनारं गावात होतं कोन? लोखंडाचा गुडघा गावात मायाच पहिला.

दुसऱ्या दिवशी कातडी उतली. टम्म फोड आले, मंग ते फुटले. बुढ्यानं वरून गोवरीची राख लावली. गोवरीची! आता आठवलं की अंगावर शहारे येतात. पुढच्या आठवड्यात गुडघा लाल, गरम, भोपळ्याएवढा. ताप आला. अन् एक दिवस ते भोक पडलं.

तवा गावातले लोकं काय म्हनाले असतीन? "घान निघून राह्यली तं निघू द्या बाई. आत राहून काय कराची?" अन् पाहाले यायचे! पारलेचा पुडा हातात, पदर नाकाले, अन् डोळे माया गुडघ्यावर. "दाखवा ना जी, जरासं." काऊन दाखवू? मंडईतला तमाशा हाये का? एका बाईनं तं पट्टी सोडाले लावली, पाह्यलं, अन् अंगनात जाऊन ओकली. मीच तिले आतून पानी देल्लं पाठवून. माया घरी येऊन माया नावानं ओकली, अन् सरबराई मीच केली.

ह्या सगळ्यात नाकाले हात न लावनारा एकच मानूस, माया बुढा. खाटेजवळ बसे, तोंडात खर्रा कोंबलेला, आपल्या हातानं कापूस बदले, पुवाचा डबा सांदवाडीत नेऊन पुरे. मले वाटे, ह्याले नाकच नाई. खर्ऱ्यानं जळून गेलं असन. पन बरं वाटे बापा. बिबा त्यानंच लावला म्हनून मी त्याले रोज शिव्या द्याची, अन् तो गपचूप पट्टी बांधाचा.

शेवटी चंद्रपूरले हाडाच्या डाक्टरकडे गेलो. डाक्टर अश्वजित, तरना पोट्टा, पन बोलनं मोठं शांत. माया गुडघ्याले त्यानं हात लावला तवा त्याच्या तोंडाकडे मी नीट पाहून घेतलं. नाक उडलं नाई त्याचं. मले तो तितूनच पटला.

"मावशी," त्यानं सांगतलं, "त्या लोखंडावर जंतूंनी थर धरला आहे. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं, तसा. गोळ्या रक्तातून जातात आणि लोखंडात रक्त नाही. म्हणून गोळ्या खाल्ल्या की वरून सुकतं, आतलं तसंच राहतं."

"मंग?"

"मग लोखंड काढायचं. त्या जागी औषध मिसळलेला सिमेंटचा गोळा ठेवायचा. आतलं साफ झालं की पुन्हा नवीन गुडघा."

"सिमेंट? शौचालय बांधते तेच का जी?" बुढ्यानं इचारलं.

डाक्टर हासला. "नाही काका, हाडाचं वेगळं असतं. पण त्यात कोणतं औषध घालायचं, हे जंतू ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही. गुडघ्यात सुई घालून आतलं पाणी काढू आणि लॅबमध्ये जंतू उगवायला ठेवू."

"धानाच्या रोपायचे पऱ्हे टाकल्यावानी?" बुढा म्हने.

"बरोबर, पऱ्हेच. आता सांगा, पऱ्ह्यात कोणी तणनाशक फवारलं तर?"

"काईच नाई उगवनार."

"म्हणून आजपासून पंधरा दिवस एकही अँटिबायोटिक घ्यायचं नाही. ना गोळी, ना सुई. पू वाढेल, वास वाढेल, सहन करा. थंडी वाजून ताप भरला तर मात्र लगेच मला फोन." मंग त्यानं माया तोंडाकडे पाह्यलं. "अंदाजाने औषध घातलं आणि चुकलं, तर दुसऱ्या वेळी हाडच उरणार नाही. मग मांडीतून पाय काढावा लागेल."

मांडीतून. मी मनातल्या मनात त्या पायाकडे पाह्यलं. घान पाय, सडका पाय, पन माया पाय. मले तो पाह्यजे होता. बांधीवर नाई गेली तं नाई गेली, पन आपल्या पायानं संडासले तं जाईन? आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहून किळस करनारी मी, आता कोनाच्या हातानं धुऊन घेऊ? मी डाक्टरले म्हनलं, पंधरा दिवस मी त्या वासात झोपीन. एक गोळी जानार नाई.

आता त्याच पंधरा दिवसात आदेशले पाहाले पाहुने येनार होते. आदेश माया पोरगा, तिशी पार केलेला, शेती अन् ट्रॅक्टर. आजकालच्या पोरी नोकरीवाल्याशिवाय आयकत नाईत. किती ठिकानी दाखवला, सगळीकडून नकार. आता वरोऱ्याकडची साक्षी म्हनून पोरगी चालून आली होती, अन् तिचे मायबाप घर पाहाले येनार होते. घर म्हनजे काय पाहतात लोकं? पुढची छपरी पाहतात, न्हानी पाहतात, अन् माय कशी हाये ते पाहतात. अन् इथी माय अशी, का दारातूनच वास यावा.

आदेश बरेच दिवस माया खोलीत आलाच नाई. दारात उभा राहून बोले. मी काई म्हनलं नाई. त्याचीबी काय चूक? मलेच माया वास सहन होत नव्हता.

अन् मंग चमत्कार झाला. पाहुने यायच्या आधी पू कमी झाला. पहिले पट्टी दिवसातून चारदा बदलावी लागे, मंग दोनदा, मंग एकदाच. भोकावर खपली धरली. वास गेला. मी म्हनलं, देवानं पाह्यलं. बुढा म्हने, "पाह्य, शरीर आपलं आपन साफ करते." रोज संध्याकाळी तो आपल्या हातानं आंबील करून आने, वाटीभर, अन् मी पेल्याशिवाय हलत नसे. आंबील कडू लागे. "कडू काऊन लागते वो?" मी इचारलं. "मेथी टाकून राह्यलो," तो म्हने, "हाडाले चांगली."

पाहुने आले तं मी नवी साडी नेसून छपरीत खुर्चीवर बसली. आलूपोहे झाले, चहा झाला. पोरीच्या मायनं न्हानीपर्यंत चक्कर मारली अन् परत येऊन म्हने, "बाई, तुमचं घर मोठं चोखट हाये." मी फुगली! खरंच सांगते, पायाचं विसरून गेली. पसंती सांगून पाहुने गेले. आदेश आत आला अन् कितीतरी दिवसानं माया खाटेवर बसला. मले वाटलं, आता सगळं नीट होनार.

दोन दिवसानं चंद्रपूरले सुई घालून गुडघ्यातलं पानी काढलं. मंग डाक्टरनं परत बोलावलं. आदेश ट्रॅक्टरवर होता म्हनून मी अन् बुढाच गेलो. डाक्टरचा चेहरा पडलेला.

"मावशी, काहीच उगवलं नाही. एवढा पू होता आणि एक जंतू दिसत नाही. मधल्या काळात काही औषध घेतलंत का?"

मी म्हनलं, "एक गोळी नाई."

डाक्टरनं बुढ्याकडे पाह्यलं. बुढ्यानं मान हालवली. "नाई जी. माया समोर होती ते. शपथ."

डाक्टर म्हने, बाहेर बसा, मी विचार करतो. आमी बाकावर बसलो. मले आदेशले फोन लावाचा होता, म्हनून मी बुढ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. फोनासंग त्याची खर्ऱ्याची पन्नी बाहेर आली. त्या पन्नीत खर्रा नव्हता. गुंडाळी करून ठेवलेली, अन् आत रिकामी टरफलं. अर्धी लाल, अर्धी काळी. कॅप्सूलीची.

मी टरफलाकडे पाह्यलं, मंग त्याच्या नखाकडे. सुपारीनं लाल, चुन्यानं फाटलेली नखं. त्या नखानं त्यानं कॅप्सूली फोडल्या, माया आंबिलीत ढवळल्या, अन् मी पेईपर्यंत समोर बसून पाह्यलं. तोंडात ती कडू चव परत आली. बाकाशेजारी डबा होता, त्यात मी ओकली. पुवानं कवा ओकली नव्हती मी, त्या दिवशी ओकली.

"कोनाजवळून आनल्या?"

"मुखरूजवळून."

हा मुखरू फटफटीवर गावोगाव सुया टोचत फिरते. लोकं त्याले डाक्टर म्हनतात, मी नाई म्हनत.

"काऊन?"

"पाहुने येऊन राह्यले होते वो." त्याचा आवाज इतका बारीक झाला. "पोट्ट्याचं जमून राह्यलं होतं. वास..."

"वास? तुमाले कुठी वास येते? तुमाले नाकच नाई."

"येते ना," तो म्हने. "पहिल्या दिवसापासून येते. म्हनून तं तोंडात खर्रा धरून बसत होतो."

मले समजेना, ह्याच्या थोबाडीत मारू का रडू. इतके महिने त्याले वास येत होता अन् तो बसला होता. अन् त्याच हातानं त्यानं माया पायावर पानी सोडलं.

"आदेशले मालूम होतं?"

"त्यानंच आनून देल्ल्या," तो म्हने. पायातली चप्पल फरशीवर घासत राह्यला. म्हनजे आनल्या पोट्ट्यानं अन् कालवल्या बापानं. दोघं मिळून. अन् मी छपरीत बसून माया चोखट घराचं कौतुक आयकत होती! थू! पुवापेक्षा घान वाटलं मले ते. पू धुतला की जाते.

मी भिंतीले धरून उठली अन् परत डाक्टरच्या खोलीत गेली. ती पन्नी त्याच्या टेबलावर ठेवली. "डाक्टर साहेब, पऱ्ह्यावर फवारनी झाली. आमच्याच घरातून झाली." मांगून बुढा आला, दारातच उभा राह्यला. डाक्टर रागावला, चांगलाच रागावला, अन् मले बरं वाटलं. मंग म्हने, "परत पंधरा दिवस. पण ह्या वेळी पक्कं." अन् बुढ्याकडे पाहून म्हने, "काका, तुम्ही धान करता ना? तुम्हाला तरी हे समजायला पाहिजे होतं." बुढ्याची मान खाली गेली ते एसटीत बसेपर्यंत वर आली नाई.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. आंबील मी माया हातानं करीन, चुलीजवळ मले खुर्ची ठेवा. आदेश तडकला. "माय, पुढच्या आठवड्यात ते साक्षगंधाची तारीख काढाले येनार हायेत. तोवर तरी गोळ्या चालू ठेव ना. मंग कर तुया काय कराचं ते."

"मंग काय करू? टांग कापून मांडवात बसू?"

"तुले फक्त तुयंच दिसते," तो म्हने, अन् निघून गेला. असं बोलला मायले. मले राग आला, अन् रागाच्या खाली भेवबी वाटलं. खरंच ह्याचं मोडलं तं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खपली फुटली. आत अडकलेलं सगळं एकदम आलं, पट्टीतून चादरीवर, चादरीतून गादीवर. वास पहिलेपेक्षा जास्त. मी नाक दाबलं, रडली, अन् मनात म्हनलं, ये. कितीक यायचं ते ये.

पाहुने आले त्या दिवशी आदेशनं मले आतल्या खोलीत ठेवून दाराले पडदा लावला अन् घरभर उदबत्त्या खोचल्या. उदबत्ती अन् पू, दोन्ही मिळून असा घान वास झाला का माशाही भेंडाळल्या. मी पाह्यलं, छपरीत पोरीच्या मायनं पदर नाकाले नेला अन् इकडेतिकडे पाहून राह्यली, कुठी काय मेलं म्हनून. आदेश म्हने, "नालीत उंदीर मेला असन."

उंदीर! मी उंदीर!

मी काठी घेतली अन् पडदा सारून बाहेर आली. खुर्चीवर बसली, पाय लांब केला. "उंदीर नाई बाई," म्हनलं, "हा वास माया पायाचा होय. लोखंडाचा गुडघा हाये, त्यात घान धरली. मांगच्या वेळी तुमी आल्या तवा मले चोरून औषध पाजलं होतं, म्हनून वास नव्हता. हे खरं. तुमाले पोरगी द्याची तं हे पाहून द्या."

पोरीच्या मायचा पदर नाकावरच होता. मंग ती म्हने, "म्हनजे आमची पोरगी येऊन हेच धुत बसीन का?"

"नाई," मी म्हनलं. "धुनारा हा बसला." अन् बुढ्याले सांगतलं, "अवो, डबा आना. पट्टी भरली."

बुढा उठला. सगळ्याईच्या समोर त्यानं डबा आनला, खाली बसला. खर्रा नव्हता त्याच्या तोंडात. पट्टी सोडली तसं त्याच्या डोळ्यातून पानी आलं, वासानं का लाजेनं कोन जाने. घशात उमासा आला, तो त्यानं गिळला, कापूस लावला, पट्टी बांधली. चहा तसाच राह्यला. पाहुने "कळवतो" म्हनून उठले.

त्याईनं कळवलं नाई. आदेशनं माया संग बोलनं सोडलं.

ठरल्या दिवशी परत पानी काढलं. मंग एका सकाळी डाक्टरचा फोन आला. आवाज असा खुशीत, का त्यालेच पोरगं झालं. "मावशी, उगवलं! जंतू सापडला. त्याच्यावर चालणारं औषधसुद्धा सापडलं." मी फोन छातीशी धरला. जलमभर घानीले नाकं मुरडली, अन् आता घान उगवली म्हनून मी हासून राह्यली, रडून राह्यली. "आदेश, उगवलं रे!" ओरडली. तो अंगनात ट्रॅक्टर पुसत होता. मान वर नाई केली त्यानं. पन चंद्रपूरले त्यानंच नेलं, तोंड फुगवून, खड्ड्याखड्ड्यानं गाडी हळू चालवत.

लोखंड निघालं. डाक्टरनं मले ते ताटलीत दाखवलं, वर बुळबुळीत थर. मी बराच वेळ पाह्यलं. आता माया गुडघ्यात औषधाचा गोळा हाये, हाताले सलाईन हाये, अन् पट्टी सुकी हाये. नवा गुडघा कवा ते डाक्टर सांगीन. पाय जाग्यावर हाये, हे मी रोज सकाळी हात लावून पाहते.

बुढा दवाखान्यातच राहते. बिबा, खर्रा, दोन्ही सोडलं म्हनते. मी अजून त्याच्या संग नीट बोलत नाई. दवाखान्याच्या मांगं एका बाईच्या चुलीवर तो रोज संध्याकाळी आंबील करून आनते. खाटेजवळ येते, वाटी हातात धरते. मंग माया तोंडाकडे न पाहता पहिला घोट स्वतः पेते, चांगला मोठा, गिळल्याचा आवाज येईपर्यंत. मंगच वाटी माया हातात देते.

मी त्याले "पेऊन दाखवा" म्हनलं नव्हतं. "नका पेऊ" असंही म्हनत नाई.